ताडोबाला जायचंय, पण जिप्सींच्या त्या गर्दीत नको. कोअर, बफर की बेतच रद्द करू?

अनुजा_ठाणे
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईबाबांना घेऊन ताडोबाला जायचं चाललंय. बाबांनी सत्तरी ओलांडल्यापासून एकच धोशा लावलाय की एकदा जंगलातला वाघ बघायचा, पिंजऱ्यातला नको. मलाही हौस आहे, पण २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून सफारीच्या जिप्सी गाड्या लावून अडवले होते ना, तो व्हिडिओ बघितल्यापासून बुकिंगच्या साइटवर जाते आणि परत येते. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइड निलंबित झाले, ते सगळं वाचलं. पण मागे सीटवर उभे राहून फोटो काढणारे तर आपल्यातलेच होते की, त्यांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

तर विचारायचं असं की कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, करू का बफर, म्हणजे त्याच्या भोवतीचा पट्टा? मोबाइल आत नेऊ देत नाहीत हे खरं का? आणि अगदी स्पष्ट सांगा, जाणंच बंद करावं असं कुणाला वाटतं का? शिव्या पडल्या तरी चालतील.

बंडोपंत
पहिला नंबर माझा. शिव्या नंतर देतो, आधी चहा घेतो.

लेन्सकॅप
ताई, कोअरच करा. मोहर्ली किंवा कोलारा गेट. तेलिया, पांढरपौनी, जामनी हा वाघ दिसणारा पट्टा कोअरमध्येच येतो, बाबांना वाघ दाखवायचाय तर उगाच प्रयोग कशाला. मोबाइलचं खरं आहे, ताडोबात २०१८च्या डिसेंबरपासून बंदी आहे, आणि नोव्हेंबर २०२५च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सगळ्याच व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन भागात मोबाइल नको म्हटलंय. कॅमेरा चालतो. नाइट सफारीही त्याच निकालाने बंद, त्यामुळे कुणी एजंट रात्रीची सफारी विकायला आला तर सरळ फोन ठेवा.

आणि त्या एका व्हिडिओवरून सगळ्यांना झोडपू नका राव. मी दरवर्षी जातो, बहुतेक फेऱ्या शिस्तीत होतात. पर्यटक आहे म्हणून जंगलात दिवसभर डोळे आहेत. माणसं येणं बंद झालं की शिकाऱ्यांना रान मोकळं, हेही कुणीतरी बोलायला हवं.

मृदुला
बहुतेक फेऱ्या शिस्तीत होतात, मान्य, पण न होणारीही मी बघितली आहे म्हणून लिहिते. तेलियाच्या बाजूला वाघीण बांबूत बसली होती, दिसत काय होतं तर एक कान आणि मधेच हलणारी शेपटी. पाच मिनिटांत मागे रांग लागली, धुरळा असा की पुढच्या जिप्सीची नंबरप्लेट दिसेना. आमच्या मागच्या गाडीत एक काका होते, भलं मोठं जॅकेट, गळ्यात दुर्बीण, ते आपल्या ड्रायव्हरला सारखं म्हणत होते, दोन हजार वरून देतो, गाडी पुढे घाल, तिच्या तोंडासमोर घे. तो पोरगा पंचविशीचाही नसेल. त्याने काय करावं, गाडी बंद केली, किल्ली काढली आणि खिशात टाकली. मागे बघितलंसुद्धा नाही. काका पूर्ण फेरीभर त्याला ऐकवत होते, गेटवर आल्यावर तक्रार करतो म्हणाले. वाघीण नंतर उठून उलट्या दिशेने गेली, कुणालाच धड फोटो मिळाला नाही. मला तरी ती फेरी त्या पोरासाठी लक्षात आहे.

सांगायचं काय, उमरेडला जे झालं त्यात ड्रायव्हरवर कारवाई झाली ते बरोबरच, पण त्याच्या मानेवर मागून हात कुणाचा होता हे कोणत्याच नोटिशीत येत नाही.

चांद्याचा_पोट्टा
मृदुलाताई बरोबर बोलल्या. माझा मामेभाऊ गाइड हाये, गेट नाही सांगत. गाइडची फी फिक्स रायते, वरची कमाई टिपवर. सायटिंग झालं, म्हणजे वाघ दिसला, तं पाहुणे गळ्यात पडते, फोटो काढते, पाचशेची नोट. नाही झालं तं उतरल्यावर तोंडाकडंही पाहत नाही, अन रिसॉर्टवर जाऊन सांगते गाइड बेकार होता. आता सांगा, वाघ जवळ आल्याचा चितळाचा कॉल ऐकून त्यानं शांत बसावं का गाडी हाणावी? जंगल त्याले तुमच्याहून जास्त समजते, रोज सकाळ-संध्याकाळ तिथंच हाये तो. त्याले नियमही पाठ हाये, वीस मीटरच्या आत जायचं नाही, घेरायचं नाही, रस्ता अडवायचा नाही. एनटीसीएच्या, म्हणजे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या, २०१२च्या गाइडलाइनमधीच हाये हे, काही नवीन नाही. पण मागं सहा जणं बसून "बाजूची जिप्सी पुढं गेली, तुम्ही काहून नाही घेत" करून रायले तं नियम किती वेळ टिकन?

बंडोपंत
बाजूची जिप्सी पुढे गेली हे वाक्य म्हणजे आपल्या समाजाचं बोधवाक्य आहे, प्रवेशद्वारावर कोरून ठेवा.

सागवान
बरीच वर्षं वन खात्यात काढली, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

लोक ताडोबा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच जंगल असतं. प्रत्यक्षात ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं, आणि ते अवघं ११६ चौरस किलोमीटर आहे. त्याला लागून १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर आज सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बफर अकराशेच्या वर. म्हणजे बफर हा कोअरचा उरलासुरला तुकडा नव्हे, तो जवळजवळ दुप्पट आहे आणि त्यात गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत, एसटी जाते. २०१२ला सुप्रीम कोर्टाने कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ऑक्टोबरात परवानगी मिळाली ती कोअरच्या वीस टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको या अटीवर. त्यामुळे तुम्हाला जी गर्दी दिसते ती मुळात थोडक्या रस्त्यांवर कोंबलेली गर्दी आहे. गेटवार गाड्यांचा कोटा ठरलेला असतो, पण आत गेल्यावर सगळे त्याच चार पाणवठ्यांवर जमा होतात.

आता वाघ एवढा उघड्यावर का दिसतो? एक तर उन्हाळ्यात पानगळ झालेली असते, बांबू सोडला तर आडोसा कमी. दुसरं, पाणवठे. बोअर मारून सोलर पंपावर भरलेले कितीतरी पाणवठे आहेत, रस्त्यावरून दिसतील असेही आहेत. याबद्दल खात्यातही दोन मतं होती आणि माझं मत हे की रस्त्याला लागून पाणी करणं ही पर्यटकाची सोय झाली, जनावराची नाही. तिसरं कारण कुणी बोलत नाही. जामनीचं ते सुंदर कुरण, जिथे चितळांचे कळप दिसतात आणि मग वाघ दिसतो, ते गाव होतं. शेतं होती. नवेगाव तसंच, बोटेझरी त्याआधी. लोक उठून बाहेर गेले, शेतांत गवत वाढलं, गवतावर चितळ आलं, चितळामागे वाघ आला. फोटो काढताना निदान एवढं ठाऊक असावं की आपण कुणाच्या तरी धानाच्या बांधीकडे लेन्स लावून बसलोय.

अनुजा_ठाणे
सागवान काका, लांबण अजिबात नाही झालं. जामनीचं माहीतच नव्हतं. या लोकांना नीट जमीन, पैसे मिळाले का?

सागवान
सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. पॅकेज मिळालं, काही घरं सावरली, मुलं शाळेत गेली. काहींचे पैसे मोटारसायकलीत आणि लग्नांत गेले. जंगलात राहणाऱ्या माणसाला बांबू, मोह, डिंक, मासे हे सगळं फुकट होतं, नव्या गावात प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात, हा हिशेब कागदावर कुणी मांडत नाही. गोंड, माना ही इथली मूळ माणसं. तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे, वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख, त्याच्या नावावरून ताडोबा. पौषात तिथे जत्रा भरायची, त्यावर बंधनं आली तेव्हा लोकांना फार लागलं होतं. देव आमचा आणि गेट तुमचं, असं एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली होती. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

कोतवाल
मोहर्लीहून आत जाताना रस्त्याच्या कडेला ते उंच दगडी खांब दिसतात का कुणाला? गोंड राजांच्या काळातले, त्यांवरून दोर नेऊन घंटेने निरोप पाठवायचे असं सांगतात. दर सफारीला जिप्सी सुसाट त्यांच्यापुढून जाते आणि गाइड सांगेपर्यंत मागे पडलेले असतात. ताडोबात वाघापलीकडे काय आहे याची यादी करायला बसलो तर धागा संपेल. रानकुत्र्यांची शिकार बघितली तर वाघ विसराल. अस्वल, गवा, चौशिंगा, तळ्यात मगरी. मे महिन्यात नवरंग पक्षी आला की सकाळी त्याची शीळ, स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर पाण्यावर सूर मारतो ते... असो. अनुजाताई, गेटवर गाइड बसला की पहिलं वाक्य हे टाका: "भाऊ, वाघ नाही दिसला तरी चालेल, टिप तीच मिळणार, आम्हाला जंगल दाखवा." त्याचा चेहरा बघा कसा सैल होतो. मग तो तुम्हाला अस्वलाने ओरबाडलेलं मोहाचं झाड दाखवेल, कुलूचं पांढरं खोड दाखवेल, वाळूतला पंजा नर की मादी ते सांगेल. आणि गंमत म्हणजे अशा फेरीतच वाघही दिसतो, कारण गाडी एका जागी शांत उभी असते.

लेन्सकॅप
वाघ नाही दिसला तरी चालेल हे म्हणायला बरं वाटतं, ठाण्याहून चंद्रपूर, तिकीट, रिसॉर्ट, जिप्सी धरून चार माणसांचा खर्च काढा आणि मग म्हणा. सामान्य माणूस आयुष्यात एकदा येतो. त्याला वाघ बघायची इच्छा होणं हा गुन्हा नाही. आणि माझ्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलं नाही, पर्यटन नसेल तर शिकार कोण थांबवणार?

चांद्याचा_पोट्टा
लेन्सकॅप भाऊ, देतो उत्तर. २०२५च्या जानेवारीत राजुऱ्याले वाघाच्या शिकाऱ्यांच्या बहेलिया टोळीतला माणूस पकडला. राजुरा कुठं, ताडोबाचे गेट कुठं. तिथं जिप्सी नाही, पर्यटक नाही, रिसॉर्ट नाही, पण वाघ हाये. आमच्या जिल्ह्यात वाघ काही तुमच्या कोअरच्या बोर्डाआत राहत नाही. ब्रम्हपुरीच्या जंगलात पाहा, सिंदेवाही, मूल, सावली पाहा. रानडुकरासाठी शेतात करंट सोडते, त्यात वाघ मरते. हे सारं जिथं होते तिथं तुमचे ते दिवसभराचे डोळे नसते. म्हणून पर्यटनानं वाघ वाचला हे अर्धं खरं. जिथं पैसा येते तिथला वाचला.

आता मोहाचं सांगतो, कोतवाल भाऊनं झाडाचा विषय काढला म्हणून. मार्च-एप्रिलमधी मोहाचं फूल रातभर गळते. उजाडायच्या आत जावं लागते, नाहीतर गुरं, चितळ, अस्वल खाऊन टाकते, अन दुसऱ्याच्या झाडाखालचं वेचलं म्हणून भांडणं बी होते. आमची आजी टोपली घेऊन चारला निघे. झाडाखाली वाकून, उकिडवं बसून फूल फूल वेचायचं, पालापाचोळ्यात दिसत नाही म्हणून काही जणं खालचा पाला जाळते, त्याच्यानंच मंग वणवा लागते. आता विचार करा, अंधारात वाकलेला माणूस. वाघाले तो माणूस दिसत नाही, चार पायाचं काहीतरी दिसते. मंग मे महिना आला का तेंदूपत्ता. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडाले गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. एकाच वाघिणीनं. तुमच्या पेपरात आतल्या पानावर आलं असन.

सरकार २५ लाख देते आता. देते, नाही म्हणत नाही. पण जीव गेल्यावर.

मृदुला
वाचून काय लिहावं कळेना. गॅस सिलिंडर वगैरे देतात ना बफरमधल्या गावांना, सरपणाला जंगलात जावं लागू नये म्हणून?

चांद्याचा_पोट्टा
हाव, जन-वन विकास योजनेत गॅस भेटला, चांगली गोष्ट झाली ती. सुरुवातीला सवलत भेटली. पुढची टाकी भरायले पैसे कोण देते? पावसाळ्यात चुलीलेच जाते लोकं. सीतारामपेठले एआयचे कॅमेरे लावले, वाघ गावाकडं आला का अलर्ट येते, असं अजून गावांत पाहिजे. कुंपण बी पाहिजे. अन गेटच्या गावातच सारे गाइड, सारे जिप्सीवाले. दहा किलोमीटर आतल्या गावाले काय? वाघ त्याच्याकडं बी येते, पाहुणा नाही येत.

सागवान
पोट्ट्याने शेवटी जे लिहिलं तीच खरी गोम आहे. पर्यटनाचा पैसा गेटच्या आजूबाजूला साचतो. मोहर्लीत बदल दिसतो, गावातल्या पोरी गाइड झाल्या, जिप्सी चालवायला शिकल्या, होमस्टे निघाले. पण जिल्ह्यातला संघर्ष बहुतेक गेटपासून लांब आहे. २०२२च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले, आधीच्या २०१८च्या गणनेत ३१२ होते. ताडोबा प्रकल्पात ९७. म्हणजे प्रकल्प भरलेला आहे आणि दोन वर्षांचं पोर आईने हाकललं की ते बाहेरच पडणार, शेत, कॅनाल, कोळसा खाण, थर्मलची झुडपं, मिळेल तिथे. काही वाघ बाहेर पाठवून बघितले. २०२४ मध्ये जमुना आणि झीनत ओडिशाला सिमिलीपालला नेल्या, झीनत तिथून निघून झारखंड, पश्चिम बंगाल फिरली आणि डिसेंबरात बांकुरात बेशुद्ध करून पकडावी लागली. नोव्हेंबर २०२५ला एक वाघीण चांदोलीत सोडली, सह्याद्रीसाठी ते फार गरजेचं होतं. पण दहा-वीस वाघ हलवून इथला भार कमी होईल असं मला वाटत नाही. कॉरिडॉर, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या वाघांच्या वाटा, वाचवणं हेच काम, आणि त्याचा फोटो निघत नाही म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

एक गोष्ट अजून. २०२१च्या नोव्हेंबरात गणनेच्या कामाला पायी गेलेली आमची एक वनरक्षक कोलाऱ्याच्या बाजूला वाघिणीने मारली. ती वाघीण माया होती असं सांगितलं गेलं, तीच तुमची सगळ्यांची लाडकी माया. २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली आणि तिचे अवशेष मिळाले तेव्हा नेटवर श्रद्धांजल्यांचा पूर आला. त्या मुलीचं नाव किती जणांना आठवतं ते मी विचारत नाही.

लेन्सकॅप
काका, हे थोडं टोचलं, पण ठीक आहे. मायाचे फोटो माझ्याकडेही खूप आहेत. माझं म्हणणं पर्यटन बंद करू नका एवढंच होतं.

सागवान
बंद करा असं मीही म्हणत नाही हो. कोअरवरचा ताण बफरमध्ये वळवा, आणि बफरचा पैसा आतल्या गावांत जाऊ द्या, एवढंच.

प्रसाद_न्यूजर्सी
इथे यलोस्टोनला नियम असा की अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड, बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड. तिथे आपली गाडी आपण चालवतो, गाइडची सक्ती नाही. आणि तरी लोक गव्यासोबत, म्हणजे बायसनसोबत, सेल्फी काढायला जातात आणि हवेत उडतात. तात्पर्य गोऱ्यांनाही अक्कल नाही.

बंडोपंत
प्रसादराव, आज पहिल्यांदा परदेशातून काहीतरी दिलासादायक आलं.

कोतवाल
अनुजाताई, मूळ प्रश्न राहिला. मे मध्ये चंद्रपूर ४५ अंशांच्या पुढे जातं, आणि जिप्सी उघडी. सत्तरीतल्या बाबांना दुपारच्या फेरीत बसवलंत तर वाघाआधी डॉक्टर बघावा लागेल. मे महिन्यात सायटिंग जास्त होतं म्हणून सगळे तेव्हाच तुटून पडतात, गर्दीही तेव्हाचीच. माझा सल्ला, नोव्हेंबर उजाडू द्या. कोअर १ ऑक्टोबरला उघडतं, दिवाळीची सुट्टी टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी एक सकाळ कोअर आणि दोन फेऱ्या बफर. आगरझरी, जुनोना, अलीझंझा, जे गेट मिळेल ते. हिरवं असतं, वाघ कमी दिसतो हे खरं, पण आईबाबांचे हाल होणार नाहीत.

आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका, घरून स्टीलच्या घ्या. रामदेगीच्या बाजूला वाघाने पाणवठ्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेली तो २०२४चा व्हिडिओ आठवत असेलच. ती बाटली काही वाघाने विकत घेतली नव्हती.

मृदुला
बफरला माझं पण अनुमोदन. पावसाळ्यातही बफर चालू असतं, तेव्हा तर गेटवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. राहायला गावातला होमस्टे बघा, पैसा तिथेच राहतो.

अनुजा_ठाणे
सगळ्यांचे आभार. बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, नोव्हेंबरपर्यंत मी काही मरत नाही, आणि ड्रायव्हरला पैसे दाखवणाऱ्या काकांना आपल्या गाडीत घेऊ नका. ठरलं मग, एक कोअर, दोन बफर. चांद्याचा_पोट्टा, भाऊ, आतल्या एखाद्या गावातला होमस्टे माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप कराल का? गेटपासून लांब असलं तरी चालेल, गाडी आहे.

चांद्याचा_पोट्टा
करतो जी. काकी वडाभात करून देते, आधी फोन करून सांगजा. गाडी घेऊन येता तं एक ध्यानात ठेवा, अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्यानं येऊ नका, लवकर पोचा. आणखी एक, कोअर मंगळवारी बंद रायते. मागं एक पुण्याचे साहेब मंगळवारी येऊन गेटवर भांडत होते.

बंडोपंत
पुण्याचे होते म्हणजे वाघाचीच चूक असणार.